एका हाकेला दोन ओ

सासुरवाडीला आबा किती आहेत, याची चौकशी मी लग्नाआधी करायला हवी होती. हुंडा नको, मानपान नको, असलं सगळं मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. पण 'गावात आबा किती?' हा साधा प्रश्न काही मला सुचला नाही.

सासुरवाडी पलूसकडची आणि मी कराडचा. एसटी स्टँडच्या मागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांब टेबल, तारांना डाग देण्याची एक सोल्डरिंगची कावी आणि पोटं फाडून ठेवलेली चार-पाच मशिनं. लग्नाला वर्ष होत आलं होतं. सुनंदाला दिवस गेले होते आणि डॉक्टरीणबाईंनी 'आराम हवा, काही दिवस माहेरी पाठवा' असं सांगितलं. सासऱ्यांच्या गावात तेव्हा फोन एकच, मधल्या चौकातल्या किराणा दुकानात. मी तिथं फोन लावला. आपण तांत्रिक माणूस, मोजकं बोलावं, असा मला तेव्हा एक माज होता.

"आबांना निरोप द्या. जावयाचा फोन होता म्हणावं. लेकीला घेऊन जा, लगेच या."

"सांगतो की," दुकानदार म्हणाला. मी फोन ठेवला.

आता माझे सासरे म्हणजे खालच्या आळीचे आबा. पण त्या घडीला दुकानात तंबाखू घ्यायला उभे होते ते वरच्या आळीचे आबा. त्यांनाही एक लेक, तीही दिलेली, जावई उंब्रजला. नाव संपत. आणि 'लेकीला घेऊन जा' हे तीन शब्द पोरीच्या बापाच्या कानात कसे शिरतात, ते मला स्वतःला मुलगी झाल्यावर कळलं.

वरचे आबा पिशवी तिथंच टाकून घरी गेले. भावकीतले चौघे गोळा केले, एक जीप काढली आणि दिवस मावळायच्या आत उंब्रज गाठलं. संपत ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. "या या, अचानक?" एवढं म्हणेपर्यंत एका चुलतसासऱ्यानं त्याची गळपट्टी धरली.

"लेकीला घिऊन जा म्हंतोस व्हय रं?"

"कवा म्हणलो?" संपतच्या तोंडात अजून शेंगदाणे.

आतून त्याची बायको भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. "आवं आबा, सोडा त्यांना! काय झालं काय?"

काय झालं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. उलगडा व्हायला चहा व्हावा लागला. संपतनं फोनच केलेला नाही, लेकीला कुणी घालवलेलं नाही, हे कळल्यावर वरचे आबा इतके शरमले, की जेवायलाही न थांबता परत फिरले. आणि इकडं कराडात आमची सुनंदा बॅग भरून, केस विंचरून, दारात बसून राहिली. तिचे वडील काही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझ्या सासऱ्यांचा फोन आला. ते शांत माणूस. एवढंच म्हणाले, "जावईबापू, पुढच्या येळंला नाव सांगत जावा. आमच्या गावात आबा लय हायेत."

पुढं संपतची न् माझी ओळख झाली. तो आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात काट्यावर कारकून होता. कारखान्याचं नाव कशाला हवं, ऊस आणि माणसं सगळीकडं तीच. तिथल्या कॉम्प्युटरच्या किरकोळ कामाला मी जायचो. पहिल्या भेटीत त्यानं मला वर-खाली न्याहाळलं आणि म्हणाला, "म्हणजे आबांचे दुसरे जावई ते तुमीच. या साडूभाऊ." तेव्हापासून आम्ही साडू. बायका बहिणी नाहीत, सासरे एक नाहीत. पण एका हाकेवर झालेलं नातं ते.

हे सगळं सांगायचं कारण, माझ्या धंद्याची पहिली कित्येक वर्षं याच एका घोटाळ्यावर चालली. हाक एक आणि आबा दोन. लोकांना वाटायचं, मी काही तरी फार अवघड करतो. मीही तसं वाटू द्यायचो. पण आता दुकान बंद केलंय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

नव्वदच्या दशकातल्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, की तळाला एक मोठा हिरवा बोर्ड दिसायचा. त्यावर प्रोसेसर. तो घरचा कर्ता. सगळी आकडेमोड, सगळे निर्णय त्याचे. बोर्डाच्या एका कडेला लांबट काळ्या खाचा असायच्या, त्यांना आम्ही स्लॉट म्हणायचो. मशीनला एखादी नवी कला शिकवायची, तर त्या कलेचं कार्ड आणून खाचेत खोचायचं. गाणी वाजवायची तर आवाजाचं कार्ड, फोनच्या तारेवरून कागद पाठवायचा तर फॅक्सचं कार्ड. एका आळीत नव्यानं राहायला आलेल्या बिऱ्हाडांसारखी ही कार्डं. त्या सगळ्यांना मिळून रस्ता मात्र एकच.

त्या रस्त्यावर कर्ता काही बोलला, की ते सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून प्रत्येक कार्डाला घर नंबर असतो. कर्ता आधी नंबर उच्चारतो, मग काम सांगतो. ज्याचा नंबर तो ऐकतो, बाकीचे गप्प. ही झाली कर्त्याची बाजू. पण कार्डालाच काही सांगायचं असेल तर? फॅक्सच्या कार्डाला सांगायचंय, 'फोन वाजतोय!' आणि कर्ता तर हिशेबात बुडालेला.

याला दोन रीती. पंगतीत वाढपी कसा फिरतो, "भात? भात घ्या. भात?" ज्याला नको त्यालाही विचारतो, आणि ज्याला हवा तो भलत्या टोकाला ताटकळतो. तशी एक रीत. कर्त्यानं सारखं उठून प्रत्येकाच्या दारात जाऊन 'काही हवंय का?' विचारायचं. यात त्याचा जन्म जातो. दुसरी रीत म्हणजे ज्याला हवं त्यानं हाक मारायची. हाक आली की कर्ता हातातलं काम होतं तिथं खूण करून ठेवतो, त्या कार्डाकडं जातो, त्याचं ऐकतो आणि परत येऊन खुणेपासून पुढं सुरू करतो. इंग्रजीत या हाकेला इंटरप्ट म्हणतात. व्यत्यय. मला हे नाव कधी आवडलं नाही. लेकरानं हाक मारली तर तो काय व्यत्यय?

तर अशा हाका मशीनमध्ये मोजून सोळा. त्यातल्या बऱ्याचशा घड्याळ, कीबोर्ड, डिस्क अशा जुन्या मानकऱ्यांनी आधीच अडवलेल्या. नव्यानं येणाऱ्याला उरलेल्यातली एक घ्यावी लागायची. आणि इथंच मेख होती. कर्त्याला आवाज ओळखता येत नाही, फक्त हाकेचा नंबर कळतो. 'पाच नंबरची हाक आली, पाच नंबर म्हणजे अमका,' एवढं त्याच्याकडं लिहिलेलं. दोन कार्डांनी एकच हाक घेतली, की कर्ता एकाच्या घरी जाऊन येतो आणि दुसरा बिचारा ओरडत राहतो. घर नंबर वेगळे असूनही. वरची आळी आणि खालची आळी वेगळी होती म्हणून काय झालं?

हे भांडण मिटवायचं साधन म्हणजे जंपर. कार्डावर पितळी केसांसारख्या बारीक काड्या उभ्या असायच्या आणि त्यांतल्या दोन काड्यांवर एक काळी टोपी. तूरडाळीच्या दाण्याएवढी. ती उचलून शेजारच्या जोडीवर बसवली, की कार्डाची हाक बदलायची. झाली दुरुस्ती. मी त्या टोप्या कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत ठेवायचो. ती डबी एकदा आमच्या घरात वेलदोड्यांच्या डबीशेजारी गेली. त्या दिवशीच्या चहाबद्दल पाहुणे काही बोलले नाहीत, पण त्यातला एक जण दात टोकरत होता.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. पलूसला एक ज्योतिषीबुवा कॉम्प्युटरवर पत्रिका काढून द्यायचे. पत्रिका छापताना मंत्र वाजावा, म्हणून त्यांनी हौसेनं आवाजाचं कार्ड बसवून घेतलं होतं. पण त्या कार्डाची आणि प्रिंटरची हाक एक. प्रिंटर सुरू झाला, की मंत्र जिथं असेल तिथं अडकायचा. 'नमः' वर आला, की 'नमःनमःनमःनमः' असा पत्रिका निघेपर्यंत. मी स्क्रू काढायला बसलो, तर बुवांनी माझा हात धरला.

"राहू द्या हो. माणसं हात जोडून उभी राहतात."

"अहो, पण हा बिघाड आहे."

"असेल. पण जागृत आहे."

मी झाकण लावलं. माझ्या हातून न झालेली आणि तरीही गिऱ्हाईक खूश असलेली ती एकच दुरुस्ती.

आता संपतच्या काट्याकडं येतो.

साखर कारखान्याच्या दारात जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी काटा असतो. उसानं भरलेली गाडी त्यावर चढते, वजन होतं. मग आत ऊस उतरवून रिकामी गाडी परत काट्यावर. दोन वजनांतला फरक तो तुमचा ऊस. वर्षभराची मेहनत त्या एका आकड्यात येते. म्हणून आमच्याकडं काट्यावरच्या माणसाकडं लोक पोलिसाकडं बघावं तसं बघतात, आणि वजनात लबाडी करण्याला 'काटा मारणं' असा खास शब्द आहे. आमच्या भागात माणसाला चोर म्हटलेलं एक वेळ चालेल. काटा मारणारा म्हटलं, की त्याच्या पोरांची लग्नं जुळायची पंचाईत.

त्या हंगामात संपतवर हाच ठपका आला. काट्याखालून वजन एका डब्यात यायचं, डब्यातून तारेनं कॉम्प्युटरमध्ये, आणि तिथून पावती निघायची. मागच्या हंगामात सगळं सुरळीत चाललेलं. अचानक मधूनच एखाद्या गाडीला भलताच आकडा लागायला लागला. भरगच्च ट्रॉलीला बैलगाडीचं वजन. कधी बैलगाडीला ट्रॉलीचं, पण त्या गाडीवानांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळी विद्या वापरली. तार बदलली. धूळ फुंकली. कार्डं काढून त्यांच्या सोनेरी दातांवर शाळेतलं खोडरबर घासलं. हा आमच्या धंद्यातला रामबाण. केबिनमध्ये गोंगाट फार, त्यात तो टेलिफोन. मी संपतला म्हटलं, "तेवढा रिसीव्हर काढून ठेव बाजूला. मला शांतपणे काम करू दे." त्यानं ठेवला. मी अर्धा दिवस गाड्या तपासल्या. एकही वजन चुकलं नाही. "मशीन ठणठणीत आहे," असा दाखला कारखान्याच्या साहेबांसमोर देऊन मी घरी आलो.

त्या दाखल्यानं मी संपतचा गळा कापला, हे मला चार दिवसांनी कळलं. मशीन ठणठणीत म्हणजे खोट माणसात.

निरोप आला, तोही फोननं. "साडूभाऊ, या एकदा. उद्या मला काढून टाकत्यात. नुसतं काढलं तर बरं, पण पोलिसात देऊ म्हणत्यात." आवाजात नेहमीची चेष्टा नव्हती.

मी स्कूटर काढली. जाऊन बघतो तर काटा बंद पाडलेला. गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली, बैल सोडलेले, ऊस उन्हात. आणि काट्याच्या केबिनीभोवती माणसांचा गराडा. त्यात पुढं कोण, तर माझेच सासरे, खालच्या आळीचे आबा! त्यांचीही ट्रॉली रांगेत होती, आणि त्यांच्या भावकीतल्या एकाला आदल्या दिवशी बैलगाडीचं वजन लागलेलं. मला बघून त्यांनी नजर वळवली. जावयानंच मशीनला दाखला दिलाय, हे त्यांना माहीत होतं.

संपत आत खुर्चीवर. हात मांडीवर, जणू ते कुणी तरी बांधून ठेवलेत.

"मी सांगतो कसं मारतोय त्यो काटा!" गर्दीतनं एक जण ओरडला. "फोन आला की मारतोय! मी डोळ्यानं बघितलंय. फोन वाजला, ह्यानं उचलला, की वजन चुकलं!"

"व्हय, व्हय! वरनं फोन येतो!"

"वरनं हुकूम आल्याबिगर कारकुनाची काय टाप हाय?"

वरनं फोन. मी संपतकडं बघितलं. "कुणाचा फोन येतो रे रोज?"

त्यानं मान खाली घातली. "आबांचा."

"कुठल्या?"

"वरच्या आळीच्या. त्या जीपच्या दिवसापास्नं रोज करत्यात. उचलला की एवढंच इचारत्यात, 'लेक बरी हाय न्हवं?' मी म्हणतो, 'बरी हाय.' मग ठेवत्यात. अन आता ह्या लोकांम्होरं कसं सांगू, सासरा रोज खात्री करून घेतो म्हणून?"

म्हणजे 'वरनं' येणारा फोन वरच्या आळीवरनं येत होता. आणि तो रोज येत होता, कारण मी एकदा नाव न सांगता निरोप ठेवला होता. मी उभा होतो तिथंच खाली बसलो. लोकांना वाटलं, हाही सामील आहे.

पण बसल्या बसल्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. फोन वाजला की वजन चुकतं. लोक हे पुरावा म्हणून सांगत होते. मी ते पहिल्यांदा लक्षण म्हणून ऐकलं. आणि मीच त्या दिवशी रिसीव्हर काढून ठेवायला लावला होता! ताप मोजायच्या आधी रोग्याला बर्फात बसवावं, तसं.

"संपत, या मशीनला नवीन काय बसवलंय?"

"हंगामाच्या तोंडाला पुण्याची माणसं आली होती. फॅक्सचं कार्ड घालून गेली. रोजचा आकडा मुख्य ऑफिसला जातो त्यातनं."

"आणि फोनची तार?"

"त्याच कार्डातनं फोनला येती."

मला हसू यायला लागलं. ते दाबत मी केबिनीत उभ्या असलेल्या साहेबांना म्हटलं, "उद्यापर्यंत थांबायची गरज नाही. आजचा फोन आलाय का?"

"अजून न्हाई," संपत म्हणाला. "आबांचा चहा झाला, की येतोच."

मग सगळ्या गर्दीनं, ज्या फोनवर त्यांचा एवढा राग होता, त्याच फोनची वाट बघितली. मी वजनाचा डबा भिंतीवरनं काढून खिडकीत ठेवला, लोकांना आकडा दिसेल असा. कॉम्प्युटरचा पडदाही वळवला. एक बैलगाडी काट्यावर घेतली. डब्यात आणि पडद्यावर आकडा एकच. ती उतरवली आणि माझ्या सासऱ्यांची ट्रॉली चढवायला सांगितलं. ट्रॉली चढायला लागली, आणि फोन वाजला.

डब्यातला आकडा ट्रॉलीबरोबर चढत गेला. पडद्यावर बैलगाडीच बसून राहिली.

माणसं खिडकीकडं सरकली. संपतनं फोन उचलला. "बरी हाय आबा. आबा, ऐका, जरा येळानं परत फोन करा."

पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "का रं? काय झालं? लेक बरी हाय न्हवं?"

"बरी हाय! तुमी नुसता परत करा!"

इकडं लोक मला घेरून उभे. "आवं, पण ह्यो कशाचा खेळ म्हणायचा?"

मला घर नंबर आणि सोळा हाका आठवल्या. पण उन्हात तापलेल्या माणसांना ते कोण सांगणार? मी केबिनीच्या पायरीवर चढलो आणि गर्दीकडं तोंड करून जोरात हाक मारली, "आबा!"

"ओ!" माझे सासरे म्हणाले.

"ओ," मागनं एक गाडीवान म्हणाला.

"काय रं?" रांगेतल्या ट्रॅक्टरवरनं तिसरा.

"बघा," मी म्हटलं. "हाक एकच, माणसं तीन. आता माझी चूक का तुमची? वजनाचा डबा आणि हे फॅक्सचं कार्ड, दोघं या मशीनला एकाच नंबरची हाक मारतात. फोन वाजला, की कार्ड हाक मारतं. मशीन तिकडं धावतं. तेवढ्यात डबा वजन घेऊन हाक मारतो, ती हाक कुणाला ऐकूच जात नाही. मग पडद्यावर मागचं वजन तसंच राहतं. संपतनं काटा मारलेला नाही. त्याची हाक कुणी ऐकली नाही, एवढंच."

शेवटचं वाक्य मी डब्याबद्दल म्हणायला गेलो होतो. तोंडून संपतबद्दल निघालं. पण चुकलं असं वाटलं नाही.

आटपाडीकडचा एक म्हातारा गाडीवान पुढं आला. आडदांड, खांद्यावर घोंगडी. त्याचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आता ऊसवाहतुकीला यायचा. त्यानं पडद्याकडं तुच्छतेनं बघितलं. "पाव्हणं, कळपात पाचशे मेंढरं असली तरी आईला आपल्या कोकराची हाक कळती. अन तुमच्या एवढ्या म्हागाच्या मशीनला कळंना?"

"नाही कळत, मामा. ते अजून मेंढराएवढं शहाणं झालेलं नाही."

लोक हसले. काट्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच.

मी मशीन बंद केलं, झाकण काढलं. दुरुस्ती तूरडाळीएवढी आणि बघायला अख्खा तालुका. फॅक्सच्या कार्डावरची टोपी उचलताना ती निसटून खाली पडली. सगळे वाकले. शेवटी ती माझ्याच चपलेखाली सापडली. तीन नंबरवरून ती पाचवर बसवली, फॅक्सच्या प्रोग्रॅमला हाक बदलल्याचं सांगितलं, आणि मशीन चालू केलं.

पुन्हा बैलगाडी. पुन्हा माझ्या सासऱ्यांची ट्रॉली. पण आता फोन येईना. वरच्या आबांना शेजारच्या गावचा कुणी तरी भेटला असावा. संपतच्या कपाळावरून घामाची धार निघाली. एक जण मागून म्हणाला, "आता वरनं फोन न्हाई यायचा, सावध झाली असतील!"

आणि फोन वाजला.

सगळ्यांच्या माना एकदम पडद्याकडं. आकडा क्षणभर हलला नाही. मग तो चढायला लागला, डब्याबरोबर, एकेका पायरीनं, आणि डबा थांबला तिथंच थांबला.

संपतनं फोन उचलला. नुसता कानाला धरून बसला. शेवटी रिसीव्हर माझ्या सासऱ्यांनी त्याच्या हातातून घेतला. ते म्हणाले, "आबा, मी खालचा आबा बोलतोय. तुमची लेक बी बरी हाय, न् तुमचा जावई बी बरा हाय. लय चांगला हाय. ठेवा आता."

मग ते केबिनीबाहेर आले आणि गाडीवानांना म्हणाले, "चला रं, बैल जुपा. ऊस वाळतोय."

माफी वगैरे कुणी मागितली नाही. आमच्याकडं ती पद्धत नाही. एकानं संपतला तंबाखू मळून दिली, दुसऱ्यानं त्याच्या खुर्चीवर त्याची पिशवी उचलून ठेवली. साहेब म्हणाले, "डबा आता खिडकीतच राहू द्या." मागच्या पावत्यांपैकी ज्यांचं वजन कमी लागलं, त्यांचं कारखान्यानं पुढं भरून दिलं. ज्यांना जास्त लागलं होतं, ते गाडीवान मात्र कुणाला आठवेनात.

एक गोष्ट मात्र मला पुढं बरेच दिवस टोचत राहिली. 'मशीन ठणठणीत' हे मी किती सहज म्हणालो होतो. त्यानंतर मी कुठल्याही मशीनला दाखला देताना आधी विचारायला लागलो, की माणसं काय म्हणताहेत? शिव्या देत असली तरी.

पुढं काही वर्षांत कार्डं शहाणी झाली. कुणी कुठली हाक घ्यायची, ते आपापसांत ठरवायला लागली. जंपर गेले. माझ्या डबीतल्या टोप्या तशाच राहिल्या. वाईट वाटायला हवं, पण खरं सांगू? बरं वाटलं. दुसऱ्यांची भांडणं सोडवून माणूस थकतो.

पण काट्यावरच्या त्या प्रसंगाच्याच आठवड्यात, शेवटी शेवटी, संपत बायकोला घेऊन आमच्या घरी आला होता. हातात काकवीचा डबा. आमची छोटी पाळण्यात होती. मी बाहेरच्या खोलीत बसून संपतच्या बायकोला तो सगळा प्रसंग पहिल्यापासून रंगवून सांगत होतो. हाक म्हणजे काय, दोघांची एकच हाक झाली की कर्त्याची कशी फसगत होते, मी पायरीवर चढून 'आबा' म्हणून कसा ओरडलो. संपत मधून मधून "व्हय" म्हणत होता.

"म्हणजे बघा वहिनी," मी शेवटाला आलो, "सगळ्या जगाचं दुखणं एवढंच. सगळ्यांनी एकच हाक मारली, तर चुकीच्याला ऐकू जाणारच."

तेवढ्यात करपल्याचा वास आला. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका हातात उतू गेलेल्या दुधाचं पातेलं, दुसऱ्या हातात फडकं. तिनं आतून तीनदा हाक मारली होती म्हणे.

ती संपतच्या बायकोकडं बघून म्हणाली, "ऐकलंस का गं? या गावातल्या झाडून सगळ्या बायका नवऱ्याला 'अहो' अशी एकच हाक मारतात. चुकीचा नवरा आलाय कधी? अगं, बरोबरचा येईल तर शपथ!"